खिशातला नकार

टोलेडोत फेब्रुवारी म्हणजे बुटांबरोबर वर्गात आलेलं खारट पाणी,
दुसरा तास, नागरिकशास्त्र, ब्रंडेज सरांचा बसलेला घसा
आणि त्यांच्या डाव्या हाताला उभी मी,
जिचा आवाज मनगटापासून सुरू होतो.

टॅव्हियन मीक्स पहिल्या बाकावर. वय सोळा.
ऐकू येत नाही, जन्मापासून.
माझ्या हातांकडे तो असा बघतो
जसं उतू जायला आलेल्या दुधाकडे बघावं.

सर म्हणाले, आज शब्द. फक्त शब्द.
काँग्रेस कायदे करते, राष्ट्राध्यक्ष राबवतात,
त्यांचा अर्थ काय ते न्यायालय सांगतं.
बावीस वर्षांत एवढं माझ्या बोटांना पाठ झालंय.
पण काही शब्दांसाठी आमच्या दोघांत खूण ठरली नव्हती.
तिथे मी अक्षरं सुटी करून दाखवायची
आणि त्याने खूण शोधायची, या वर्गापुरती.

गणपूर्ती. त्याने बाकांवरून नजर फिरवली,
मुंडकी मोजली, आणि हवेतच दार लावून घेतलं.
फिलिबस्टर. एक हात बोलतोय, बोलतोय, बोलतोय,
दुसरा हात जांभया देतोय.
हे त्याने सरांकडे बघून केलं. मी भाषांतर केलं नाही.
महाभियोग. प्रतिनिधिगृह बोट रोखतं, मग सिनेट तोलतं.
बोट रोखणं म्हणजे हाकलणं नव्हे,
हे त्याला दोनदा सांगावं लागलं.
मलाही कधीकाळी लागलं होतं.

मग आला खिशातला नकार.

सर फळ्याकडे वळून सांगत होते:
विधेयक टेबलावर येतं. दहा दिवस, रविवार सोडून.
सही नाही, नकारही नाही.
काँग्रेस बसलेली असेल तर सहीवाचूनच त्याचा कायदा होतो.
ती उठून गेली असेल, तर ते मरतं.
आणि कुणाचे हातही लाल दिसत नाहीत.

मी कागदाची घडी केली, छातीवरच्या खिशात सरकवली,
वरून थोपटली.
टॅव्हियनचे हात मांडीवर पडून राहिले.
मग बाकाच्या आडोशाला, अगदी लहान लहान खुणा:
माझा कागद. राजधानीच्या सहलीचा. बाबांच्या जाकिटात.
आज नववा दिवस.

वडील जीपच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
खुणा त्यांना चार येतात. जेव, झोप, थांब, छान.
नाही म्हणाले का, मी विचारलं.
नाही म्हणाले असते तर भांडलो असतो.
आणि मग, खिडकीकडे बघत:
आमच्याकडचं सभागृह उठलंय.
आई गेली ऑगस्टात.

तास संपता संपता सर दोन तृतीयांशांवर आले.
नकार उलटवता येतो, तेवढी माणसं उभी राहिली तर.
टॅव्हियनने बोटांवर घर मोजलं.
बाबा, शनीस, मी.
तिनातली दोन वर धरली आणि दिवसात पहिल्यांदा हसला.

घंटा झाली. दप्तरं उचलली गेली.
दाराशी कुणाला तरी सर सांगत होते, अगदी सहज,
खिशातला मात्र उलटत नाही.
जे परतच आलं नाही, त्यावर मतदान कसलं?

नियम आहे, कानावर आलेलं गाळायचं नाही.
सकाळी एकदा मी तो मोडलाच होता.
पुन्हा मोडता आला असता.
मी हात वर केले. सांगितलं.
वर धरलेली दोन बोटं त्याने बाहीत ओढून घेतली.

सोमवारी कागद आला.
चुरगळलेला, कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा.
बाबांची सही. आणि सहीखाली,
हरलेला न्यायाधीश निकालाखाली आपलं वेगळं मत
लिहून ठेवतो, तशी एक ओळ:
मला पटलेलं नाही. तिथे याच्याशी बोलणार कोण?

टॅव्हियनने विचारलं, याला काय म्हणतात?
असहमती. मी अक्षरं सुटी करायला लागले,
तिसऱ्याशी हात अडला.
तो थांबला होता, कागद माझ्यापुढे धरून,
बोट त्या प्रश्नावर.